नँटकेटच्या नवरीच्या तोंडचं ‘तू’

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांवरचा लेख वाचला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या नँटकेट बेटावरच्या, क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या देवमासेमारांच्या कथांना त्यात दोन ओळी मिळाल्या आहेत. छपरावर उभी राहून क्षितिजाकडे डोळे लावलेली विरहिणी, आणि चवीपुरता धर्म. शेजारी चित्रही तसंच आहे, वाऱ्यावर उडणारा झगा आणि डोळ्यांत पाणी. या कथा मी वीसेक वर्षं वाचते आहे. त्यांतल्या पुष्कळ सामान्य असतात, हे मी नाकारत नाही. पण ती विरहिणी खोटी आहे, आणि ‘चवीपुरता धर्म’ हे तर साफ चुकीचं आहे. दोन्हींबद्दल सविस्तर लिहिते. पत्र लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

मी वसईची, कॅथलिक. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझे यजमान अठ्ठावीस वर्षं बोटीवर होते, इंजिनरूममध्ये. नऊ-दहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असायचं, मग दोन-तीन महिने घरी, की पुन्हा बॅग भरायची. आमच्या घरापासून समुद्र चालत दहा मिनिटांवर आहे. त्या अठ्ठावीस वर्षांत त्यांची वाट बघत मी किनाऱ्यावर एकदाही उभी राहिलेली नाही. वेळच नव्हता. अलॉटमेंटचे, म्हणजे त्यांच्या पगारातून घरी यायचे पैसे बँकेत जमा झाले का ते बघायचं, सासूबाईंच्या मोतीबिंदूसाठी डॉक्टरांची तारीख घ्यायची, विहिरीचा पंप जळला की मेकॅनिक शोधायचा, घराचा स्लॅब टाकला तेव्हा सिमेंटच्या गोण्या दारात उभं राहून मोजून घ्यायच्या. धाकटीच्या जन्माची बातमी त्यांना मिळाली तेव्हा ती एकवीस दिवसांची झाली होती. वाट बघणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. ते हातात कामं घेऊन बघायचं असतं.

म्हणून नँटकेटच्या बायका मला ओळखीच्या वाटतात. पुरुष देवमाशांमागे पॅसिफिकमध्ये तीन-तीन, चार-चार वर्षं जात, आणि इकडे बेट बायका चालवत. तिथल्या सेंटर स्ट्रीटवर दुकानं बायकांच्या हातात होती, इतकी की त्या रस्त्याला लोक ‘पेटीकोट रो’ म्हणत. स्त्रियांच्या हक्कांसाठी आयुष्यभर बोलणाऱ्या ल्युक्रेशिया मॉट याच बेटावर १७९३ मध्ये जन्मल्या. त्यांचे वडील जहाजाचे कप्तान. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर स्पॅनिश अधिकाऱ्यांनी त्यांचं जहाज धरलं आणि घरी बातमी येईना. आईनं दुकान चालवलं. देवमाशाचं तेल आणि मेणबत्त्या घेऊन ती स्वतः बॉस्टनला जायची आणि बदल्यात बेटावर विकायला माल आणायची. घरच्यांनी आशा सोडल्यावर, तीन वर्षांनी कप्तान दारात उभे राहिले. ज्यांना विरहिणी हवी आहे त्यांनी या बाईची गोष्ट लिहावी. तिच्या हातात हिशेबाची वही असेल.

ती विरहिणी छपरावरच्या ज्या लाकडी माचीवर उभी असते तिचं म्हणाल, तर ती धुराड्याला लागून बांधलेली असे. धुराड्यात काजळीनं पेट घेतला तर वरून वाळू ओतता यावी, म्हणून तिथं वाळूच्या बादल्या ठेवत. तिथून बंदर दिसे, आणि बंदराकडे बघितलंही जात असेल. पण ती बांधली आगीसाठी. लाकडी घरांच्या आणि तेलाच्या पिंपांच्या गावाला आगीचं भय काय असतं ते १८४६ च्या जुलैमध्ये दिसलं. गावाचा मोठा भाग एका रात्रीत जळाला, आणि धक्क्यावरचं तेल पेटून बंदराच्या पाण्यावर पसरलं.

या कथा बहुतेक वेळा नवरा परत येतो तिथं संपतात, त्याचंही मला नवल वाटतं. खरी गोष्ट तिथं सुरू होते. आमचे हे घरी आले की पहिले पंधरा दिवस घरात पाहुणा आल्यासारखं व्हायचं. थोरला चार वर्षांचा असताना माझ्या मागे लपून विचारायचा, ‘हे काका आज पण इथंच झोपणार?’ डबे कुठं ठेवले आहेत ते त्यांना माहीत नसायचं, आणि दहा महिने मी एकटीनं घेतलेले निर्णय आता दोघांनी घ्यायचे, हे मला जमायचं नाही. दहा महिन्यांत जर हे, तर तीन वर्षांनी काय होत असेल? बाप निघाला तेव्हा पोटात असलेलं मूल तो परततो तेव्हा बोलतं-चालतं झालेलं असतं, आणि दोन-चार महिन्यांत त्यानं पुन्हा निघायचं असतं. प्रेम एवढ्या तुटक दिवसांतून कसं टिकतं, हा प्रश्न प्रेमकथेच्या लेखकाला मोलाचा वाटायला हवा.

आता धर्माचं. क्वेकर स्वतःला ‘फ्रेंड्स’ म्हणजे मित्र म्हणतात. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना आता दास न म्हणता मित्र म्हणतो, ते हे मित्र. सतराव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्या उपदेशातून हा पंथ उभा राहिला. प्रत्येकाच्या अंतरात देवाचा प्रकाश आहे, मध्यस्थाची गरज नाही, हा त्याचा गाभा. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट राज्यकर्त्यांना ते इतकं झोंबलं की १६५९ ते १६६१ या काळात त्यांनी बॉस्टनमध्ये चार क्वेकरांना फाशी दिलं. त्यांत मेरी डायर ही एक बाई होती. टॉमस मेसी नावाच्या माणसाला तीस शिलिंग दंड झाला, कारण त्यानं पावसात भिजलेल्या चौघांना पाऊण तास घरात थांबू दिलं आणि त्यांत क्वेकर निघाले. हाच मेसी नँटकेटच्या पहिल्या इंग्रज रहिवाशांतला एक. तीस पौंड आणि बीव्हरच्या केसांच्या दोन टोप्या, एवढी त्या बेटाची किंमत लागली होती. ज्या वाम्पानोआग लोकांची ती जमीन होती, त्यांचे हात पुढं देवमाशांच्या होड्या वल्हवण्यात झिजले, आणि १७६३-६४ च्या साथीत उरलेल्या साडेतीनशे जणांपैकी २२२ माणसं गेली. या कथांत ते जवळजवळ दिसतच नाहीत. तो दोष मी मान्य करते.

सात वर्षांपूर्वी लेकीकडे बॉस्टनजवळ गेले होते, तेव्हा मी नँटकेट पाहून आले. मुख्य भूमीवरच्या हायनिस बंदराहून बोटीनं सव्वादोन तास. क्वेकर सभागृह फेअर स्ट्रीटवर आहे, १८३८ साली शाळा म्हणून बांधलेलं. आत गेले आणि आपोआप क्रुसाची खूण करायला हात उचलला गेला, पण समोर काहीच नव्हतं. वेदी नाही, क्रूस नाही, मूर्ती नाही, मेणबत्ती नाही. साध्या लाकडाचे बाक, बस्स. तिथं लोक स्तब्ध बसत. कुणाला आतून प्रेरणा झाली तर उठून बोलायचं, पुरुष असो की बाई. मूळ सभा तर एका बाईच्याच घरात सुरू झाली, मेरी कॉफिन स्टारबक हिच्या. अठराव्या शतकाच्या आरंभी ती या मताची झाली, आणि तिच्यामागे बेट झालं. गावाबाहेर क्वेकरांची दफनभूमी आहे. लेकीला वाटलं आपण रस्ता चुकलो, कारण तिथं नुसतं गवताचं माळरान दिसतं. हजारो माणसं त्या गवताखाली आहेत आणि दगड अगदी थोड्यांवर, तेही नंतरच्या काळातले. मेल्यावरही कुणी कुणापेक्षा उंच दिसू नये, म्हणून दगड लावायचा नाही. आमच्या वसईतल्या संगमरवरी कबरी मला आठवल्या आणि मी बराच वेळ तिथून हलले नाही.

दुसऱ्या दिवशी संग्रहालय पाहिलं. ते मेणबत्त्यांच्या जुन्या कारखान्यात आहे, आणि छताला स्पर्म व्हेलचा शेहेचाळीस फुटी सांगाडा टांगला आहे. त्याखाली उभं राहिल्यावर मला या लोकांचं सगळ्यात अवघड कोडं समजलं. युद्ध नको, शस्त्र नको, कुणावर हात उचलायचा नाही असं मानणारी ही माणसं पोट भरत होती रक्तावर. भाला फुप्फुसात गेला की देवमाशाच्या श्वासाच्या फवाऱ्यातून रक्त उडायचं, होडीतल्या माणसांच्या अंगावर पडायचं. मग चरबीचे पट्टे सोलून जहाजावरच्याच भट्टीत, लोखंडी कढयांत ती कढवायची, आणि कढवून उरलेला चोथा जळणासाठी त्याच भट्टीत टाकायची. माशाच्या चरबीवर मासाच कढायचा. डोक्यातल्या पोकळीतून बादल्यांनी उपसलेलं मेण गोठून पांढरंशुभ्र व्हायचं, आणि त्याच्या मेणबत्त्यांना ना धूर, ना वास. कोकणात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतो, ती अंबर नावाची वस्तू याच माशाच्या पोटातली. आणि २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं, तेव्हा त्याला समुद्रात परत ढकलण्यासाठी माणसं रात्रंदिवस राबली होती. शेवटी ते मेलं, तेव्हा माझ्या ओळखीचे कितीजण हळहळले. ती हळहळ नँटकेटच्या एखाद्या तरुण मुलीला का वाटली नसेल? शांततेचा धर्म आणि नवऱ्याच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास, ही एकाच घरातली गोष्ट आहे. ती टाळून कादंबरी लिहायची म्हणजे खोलीच्या मधोमध पडलेल्या देवमाशाला वळसा घालून चालण्यासारखं आहे.

विल्यम रॉच यांचं उदाहरण मला पुन्हापुन्हा आठवतं. बेटावरचे बडे जहाजमालक, पक्के क्वेकर. एका बुडालेल्या कर्जदाराकडून त्यांच्याकडे बंदुकी आल्या होत्या. त्या त्यांनी शिकाऱ्यांना विकल्या, पण संगिनी आधी काढून घेतल्या, कारण संगीन फक्त माणूस मारायला असते. पुढं अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या सुरुवातीला त्या संगिनी त्यांच्याकडे मागितल्या गेल्या. रॉच यांनी त्या समुद्रात नेऊन टाकल्या आणि चौकशीत तसं स्पष्ट सांगितलं. याच रॉच यांच्या जहाजावर प्रिन्स बॉस्टन नावाचा एक गुलाम तरुण गेला होता. परतल्यावर त्याच्या कमाईचा वाटा मालकाला न देता त्याच्या स्वतःच्या हातात दिला गेला. मालक भांडत न्यायालयात गेला आणि रॉच प्रिन्स बॉस्टनच्या बाजूनं ठाम राहिले. संगीन समुद्रात टाकणाऱ्या त्या हातांनीच हार्पूनचा, म्हणजे देवमाशावर फेकायच्या भाल्याचा खर्च वहीत मांडला. हे ढोंग होतं असं मी म्हणणार नाही. माणूस आपल्या श्रद्धेला जेवढी जागा देतो तेवढीच ती व्यापते, आणि ती सीमा कुठं पडते ते शोधणं हेच लेखकाचं काम.

आता प्रेमाकडे येते. क्वेकर प्रेमकथेत नायक-नायिकेच्या मध्ये खलनायक आणावा लागत नाही. मध्ये सभा असते. लग्न करायचं तर दोघांनी मासिक सभेत उभं राहून इच्छा सांगायची. स्त्रियांची सभा वेगळी, तिथंही सांगायचं. मग नेमलेली माणसं चौकशी करायची, कुणाला आधी वचन दिलंय का, घरच्यांची संमती आहे का. पुढच्या महिन्याच्या सभेत ते अहवाल देत, आणि मग परवानगी. आमच्याकडे चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. इथं तर सगळं गाव तुमच्या मनाची तपासणी करतंय. आणि पंथाबाहेरच्या माणसावर मन बसलं, त्याच्याशी पाद्रीकरवी लग्न केलं, तर सभा सभासदत्व काढून घ्यायची. प्रार्थनेला येऊन बसता येई, पण निर्णयांच्या बैठकीत जागा नाही. परत यायचं तर स्वतःच्या वागण्याचा निषेध स्वतःच्या हातानं लिहून सभेपुढं ठेवायचा. म्हणजे, ज्या माणसावर आपण प्रेम केलं त्याच्याशी लग्न करणं ही चूक होती, असं लिहायचं. एखादी मुलगी तो कागद पुढ्यात घेऊन बसली आहे आणि नवरा पॅसिफिकमध्ये आहे. यात धर्म चवीपुरता आहे का, ते पुरवणीतल्या त्या लेखाच्या लेखकांनीच सांगावं.

लग्नाच्या दिवशी अंगठी नाही, गाणं नाही, पाद्री नाही. सगळे गप्प बसलेले. त्या शांततेतून ती दोघं उठायची, एकमेकांचा हात धरायची आणि एकच शपथ आळीपाळीनं म्हणायची. ‘आज्ञा पाळीन’ हा शब्द नवरीच्या शपथेतही नाही. मग शपथेचा कागद वाचला जायचा, आणि हजर असलेल्या सगळ्यांनी त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची.

आणि इथंच माझ्या तक्रारीचा विषय येतो. क्वेकर कुणालाही आदरार्थी बहुवचन वापरत नसत. त्या काळच्या इंग्रजीत मोठ्यांना अनेकवचनी आणि बरोबरीच्यांना, धाकट्यांना एकवचनी संबोधन होतं, जसं आपल्याकडे आजही आहे. न्यायाधीशाला क्वेकर ‘तू’ म्हणाले, जमीनदाराला ‘तू’ म्हणाले, टोपी न काढता म्हणाले, आणि त्यापायी तुरुंगात गेले. आदर त्यांना कळत नव्हता असं नाही. देवाला आपण ‘तू’ म्हणतो, मग माणसाला त्याहून मोठं संबोधन कशाला, असा सरळ हिशेब होता. मराठी माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागू नये. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या, तुझे नाव पवित्र मानले जावो’ असं आम्ही रोज म्हणतो. वारकरी विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो, लेकरू आईला ‘तू’ म्हणतं. ‘अहो’ लागतं ते साहेबाला, सासऱ्याला आणि नवऱ्याला. मी माझ्या नवऱ्याला एकेचाळीस वर्षं ‘अहो’ म्हणते आहे आणि त्यांच्यावरच्या माझ्या प्रेमात त्यानं काही कमी झालेलं नाही. पण नँटकेटची नवरी भर सभेत, सगळ्या वडीलधाऱ्यांसमोर, नवऱ्याचा हात धरून त्याला ‘तू’ म्हणते आणि तो तिला, तेव्हा त्या एका अक्षरात तिचा सगळा धर्म असतो.

मी या बेटावर एक दीर्घकथा लिहिली. दीड वर्ष लागलं. एका दिवाळी अंकाकडे पाठवली, त्यांनी आवडल्याचं कळवलं. पण छापण्याआधी तपासायला आलेल्या प्रतीत माझ्या नायिकेच्या तोंडचं प्रत्येक ‘तू’ पेन्सिलीनं खोडून ‘तुम्ही’ केलं होतं. कारण विचारलं, तर म्हणाले, सुशील, धार्मिक बाई नवऱ्याला अरे-तुरे करते हे आपल्या वाचकाला खटकेल. मी समजावलं, पत्र लिहिलं, दोनदा फोन केला. शेवटी कथा परत मागून घेतली. राग मला नकाराचा नाही. नकार मी पूर्वीही पचवले आहेत. पण ज्या शब्दासाठी माणसं तुरुंगात गेली तो शब्द शिष्टाचार म्हणून खोडला गेला, हे मला अजून सहन होत नाही. धर्म चवीपुरता उरतो तो असा, छपाईच्या आधी.

क्वेकरांचा आपल्याशी संबंध नाही असंही नाही. १९३० साली दांडीयात्रेआधी गांधीजींचं व्हाइसरॉयना लिहिलेलं पत्र घेऊन गेलेले रेजिनाल्ड रेनॉल्ड्स हे इंग्रज तरुण क्वेकर होते. सेवाग्रामला नई तालीममध्ये वर्षानुवर्षं शिक्षक घडवणाऱ्या मार्जरी साइक्सही क्वेकर. वर्ध्याच्या मातीत हे लोक राबून गेले आहेत. त्यांच्या आधीच्या पिढ्यांच्या प्रेमाच्या गोष्टी मराठीत याव्यात, नीट याव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

नँटकेटवरचे क्वेकर पुढं आपापसांतल्या फुटींनी आणि सभेनं काढून टाकलेल्यांच्या वाढत्या संख्येनं विरळ होत गेले. बंदराच्या तोंडाशी वाळूचा बांध साचला, मोठी जहाजं न्यू बेडफर्डला गेली, १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात खनिज तेल सापडलं, आणि १८६९ मध्ये बेटावरून शेवटचं देवमाशांचं जहाज निघालं. या कथा त्या सगळ्याच्या आधीच्या, भरल्या दिवसांतल्या आहेत.

त्या लग्नाची शपथ मी माझ्या कथेत अशी उतरवली आहे: ‘प्रभूच्या आणि या सभेच्या समक्ष मी तुझा, माझ्या या मित्राचा, पती म्हणून स्वीकार करते, आणि देवाच्या साहाय्यानं, मरण आपल्याला वेगळं करीपर्यंत, तुझ्याशी प्रेमानं आणि निष्ठेनं वागण्याचं वचन देते. तूही मला तेच वचन दिलं आहेस.’ शेवटचं वाक्य माझं, बाकीचा आशय त्यांचा.

जागेअभावी या पत्राला कात्री लावावी लागली तर जरूर लावा. माझ्या घरचे तपशील गाळले तरी चालतील, संगिनीही गाळा. शपथेतला ‘तू’ तेवढा जसाच्या तसा छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वसई